बॉन्डिंगच्या वायरला जोड चालतो की नाही?

मीटररूम :
परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं की बॉन्डिंगची वायर, म्हणजे नळ, पाइप, गीझरची बॉडी असे धातूचे भाग एकमेकांना जोडणारी वायर, टोकापासून टोकापर्यंत अखंडच हवी, एक जरी जोड दिसला तरी काम नापास. तेवढ्या वाक्यावर शेजारच्या सोसायटीत कंत्राटदाराने धडधाकट वायर उपटून नवी ओढायचं कोटेशन दिलंय. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ काढून बघा, १९८७ची घ्या नाहीतर २०१८ची. जोड कसा असावा हे तिथे सांगितलंय, म्हणजे जोड गृहीतच धरलाय. १० चौरस मिमी तांब्याची २० मीटर वायर म्हणजे साधारण ०.०३७ ओहम. नीट क्रिम्प केलेल्या, म्हणजे वायरच्या टोकावर दाबून घट्ट बसवलेल्या धातूच्या लगने त्यात काय फरक पडणार?

'अखंड' कुठे हवी तेही सांगतो. एकच वायर पाण्याच्या लोखंडी पाइपवरून पुढे गॅसच्या पाइपवर जात असेल, तर मधल्या क्लॅम्पला ती तोडायची नाही. इन्सुलेशन सोलून तशीच क्लॅम्पमध्ये धरायची. उद्या प्लंबरने क्लॅम्प सोडला तरी पुढचा पाइप सुटत नाही.

वायरमन_सातारा :
साहेब, आयएस वाचणारा साइटवर येत नाही. तिथे जोड म्हणजे दोन पिळे आणि काळी टेप. गेल्या पावसाळ्यात एका घरी बाथरूमच्या नळाला झिणझिण्या येत होत्या. फॉल्स सीलिंग उघडलं तर तांब्याची वायर अल्युमिनियमला पिळलेली, टेपखाली पांढरी भुकटी, हात लावताच सुटून आली. लहान पोरं होती हो त्या घरात! 'जोड नको' एवढंच सांगितलं तर हाताखालचा पोरगा निदान घाबरतो तरी.

मीटररूम :
तो जोड नव्हताच. तांबं-अल्युमिनियम थेट पिळायचं नाही, दोन्ही धातूंना चालणारा बायमेटॅलिक लग लागतो. आणि फॉल्स सीलिंगच्या वर लपवला कशाला?

अण्णा_गिरणगाव :
जोडाचं काय घेऊन बसलात? अर्थिंगचा खड्डा कोरडा असेल तर वर सोन्याची वायर लावा, उपयोग शून्य. आमच्या खात्यात मीठ-कोळशाचा खड्डा होता, उन्हाळ्यात रोज पाणी ओतायचो. आता केमिकल अर्थिंगच्या नावाखाली लोकांना लुटतात.

तनुजा_के :
अण्णा, खड्डा उत्तम ५ ओहमचा धरा आणि परत येणारा करंट मातीतूनच येतोय असं धरा. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. ३२ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, म्हणजे जास्त करंटवर आपोआप पडणारा स्विच, तेवढ्यावर झटकन पडत नाही, त्याला १६०च्या वर लागतात. जीव वाचवतो तो ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, करंट गळताच लाइन तोडणारा. आणि मिठाने खड्ड्यातली पट्टी गंजते.

अण्णा_गिरणगाव :
गंजते म्हणूनच तपासायची असते! आकडेमोड करून आम्हाला शिकवू नका. आमच्या खात्यात कोणाला शॉक बसला नाही.

तनुजा_के :
शॉक बसला नाही हा पुरावा नाही. खड्ड्याचं शेवटचं टेस्टिंग कधी केलंत, तेवढं सांगा.

अण्णा_गिरणगाव :
मेगर घेऊन मी स्वतः फिरलोय, तुमचा जन्मही झाला नसेल तेव्हा.

मीटररूम :
अण्णा, वय काढू नका. मेगरने इन्सुलेशन बघतात, खड्ड्याला अर्थ टेस्टर लागतो. आणि बॉन्डिंगचा प्रश्न खड्ड्याचा नाहीच. नळ आणि गीझरची बॉडी, दोन्हींना एकाच वेळी हात लागला तर दोन्हींत व्होल्टेजचा फरक नको, एवढंच तिचं काम.

वायरमन_सातारा :
मधल्या क्लॅम्पचं पटलं, तसंच करतो आम्ही. बाकी जोड चालतो म्हणा हवं तर, पण त्याच ओळीत लिहा : क्रिम्प केलेला, उघडून बघता येईल अशा डब्यात, प्लास्टरखाली अजिबात नाही. नाहीतर तुमचं अर्धंच वाक्य साइटवर पोचेल.

मीटररूम :
लिहितो. आणि त्या सोसायटीला सांगतो, वायर उपटण्याआधी कंत्राटदाराने लो-ओहम मीटर लावून प्रत्येक क्लॅम्पपर्यंतचं रीडिंग लेखी द्यावं.

अण्णा_गिरणगाव :
रीडिंग मे महिन्यात घ्या, खड्ड्याचंही. पावसाळ्यात सगळेच खड्डे पास होतात.