‘क्लिशे’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न:
एका संपादकांनी माझी कथा परत पाठवली. बाबा गेल्यानंतरच्या खोलीचं वर्णन होतं: ‘टाचणी पडली तरी आवाज होईल अशी शांतता पसरली होती.’ खाली पेन्सिलीची रेघ आणि समासात एकच शब्द, ‘क्लिशे’. व्याकरण चुकलेलं नाही, मग दोष कसला? क्लिशे म्हणजे वाक्प्रचारच का?

पहिलं उत्तर:
वापरून वापरून गुळगुळीत झालेली शब्दरचना. इंग्रजीत नाम ‘क्लिशे’, विशेषण ‘क्लिशेड’. कथानकालाही म्हणतात: गुपित सांगायला तोंड उघडून नाव घ्यायच्या आतच प्राण सोडणारं पात्र.

दुसरं उत्तर (जुना जुळारी):
मी २२ वर्षं छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवली, म्हणून हा शब्द मला फार जवळचा. तो फ्रेंच छापखान्यातला. सुट्या खिळ्यांनी पान जुळवायचं, त्याचा साचा घ्यायचा, त्यावरून धातूची पाटी ओतायची. त्या एकसंध पाटीचं नाव क्लिशे. साचा वितळलेल्या धातूवर आपटताना होणाऱ्या आवाजावरून ते पडलं असं मानतात. ‘स्टिरिओटाइप’ हेही अशाच पाटीचं नाव, तेही फ्रेंचमधूनच आलेलं. इंग्रजीत क्लिशेला आजचा अर्थ १९ व्या शतकाच्या अखेरीस चिकटला.

सुट्या खिळ्यांत एक अक्षर चुकलं तर चिमट्याने काढून दुसरं बसवता येतं. पाटीत तसं जमत नाही, तुकडा कापून डाख लावावा लागतो. ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ घ्या. निधनाच्या बातम्या जुळवताना या शब्दांपाशी माझा हात न बघता चालायचा. माणूस बदलायचा, पोकळी तीच. गेलेला कोण होता, कसा होता, काहीच कळायचं नाही, आणि ते मला फार खुपायचं.

वाक्प्रचार वेगळा. ‘हात आखडता घेतला’ म्हटलं की अर्थ पोचतो, तिथे चित्र कोणी मागत नाही. तुमच्या टाचणीने मात्र चित्र दाखवायचं कबूल केलंय, आणि ते तुमच्या खोलीतलं नाही. तिथे खरंच काय ऐकू येत होतं?

प्रश्नकर्ती:
बाबांचं कानाचं मशीन. टेबलावर चालूच राहिलं होतं. उचलून मुठीत धरलं तशी बारीक शिट्टी वाजायला लागली. पहिल्या खर्ड्यात हे होतं. फार घरगुती वाटलं म्हणून खोडलं आणि टाचणी घातली.

जुना जुळारी:
शिट्टी परत घ्या. तिच्यानंतर ‘शांतता’ हा शब्दसुद्धा लिहू नका.