सळईचे ‘कव्हर’ : आच्छादन म्हणावे की थर?

प्रश्नकर्ती, धुळे : घरकुलांच्या बांधकामावरील गवंडी आणि फिटर (सळई बांधणारे कारागीर) यांच्यासाठी एक सूचनापत्रक मराठीत करीत आहे. सळई आणि काँक्रीटची बाहेरची बाजू यांमधील जाडीला, म्हणजे ‘कव्हर’ला, मी ‘आच्छादन’ लिहिले, तर वाचणाऱ्या फिटरने त्याचा अर्थ स्लॅबवर अंथरायची ओली गोणपाटे असा घेतला. खानदेशातल्या उन्हाळ्यात तो अर्थ आधी सुचणारच. दुसरा शब्द सुचवावा.

निवृत्त शिक्षिका, अमळनेर : ‘संरक्षक थर’ लिहावे. अर्थ उघड आहे आणि शब्द आपला आहे.

स्थापत्य अभियंता, जळगाव : बाई, ‘थर’ म्हटले की कमी पडलेली जाडी गिलाव्याने भरून निघेल असा समज होतो, आणि तो घातक आहे. काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे सळई गंजापासून सुरक्षित राहते. कव्हर अपुरे असेल तर ओल लवकर आत पोचते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्यामुळे काँक्रीट आतून फुटते. काँक्रीट बांधकामाचे भारतीय मानक आयएस ४५६ : २००० नुसार पायाला किमान ५० मिमी, कॉलमला साधारणपणे ४० मिमी आणि सौम्य हवामानात स्लॅबला २० मिमी कव्हर लागते. ते रिंगच्या (मुख्य सळयांना बाहेरून वेढणाऱ्या कड्याच्या) बाहेरून मोजायचे असते, मुख्य सळईपासून नव्हे. साइटवर सर्वजण ‘कव्हर’च म्हणतात, तेच मापासह छापावे.

निवृत्त शिक्षिका, अमळनेर : ‘सर्वजण म्हणतात’ एवढ्याने शब्द योग्य ठरत नाही. ‘शलाका’पासून आलेली ‘सळई’ साइटवर टिकली आहेच ना? आमचे वडील मात्र ‘गज’ म्हणत; तो फारसीतील मापाच्या ‘गज’वरून आला असावा.

ठेकेदार, शहादा : आमच्याकडे गज खिडकीला असतो, स्लॅबला सळई. परंतु माझ्या मते खरा घोटाळा ‘मुख्य सळई’ या शब्दाचा आहे. स्लॅबमध्ये ताण घेणारी मुख्य सळई सहसा खाली असते, त्यामुळे ‘मुख्य म्हणजे खालची’ असे डोक्यात बसते. छज्ज्यात ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून तिथे ती वर हवी. ती वर बांधली तरी काँक्रीट ओतताना माणसे तिच्यावरून चालतात आणि ती खाली दबते. पत्रकात स्पष्ट ‘वरची सळई’ लिहावे आणि तिच्याखाली चेअर, म्हणजे तिला वर उचलून धरणारा सळईचा आधार, ठेवण्यास सांगावे.

प्रश्नकर्ती, धुळे : मग चेअरला ‘खुर्ची’ लिहू का?

निवृत्त शिक्षिका, अमळनेर : ‘घोडी’ अधिक नेमके होईल.

ठेकेदार, शहादा : घोडीवर उभे राहून आमची माणसे गिलावा करतात, बाई. तो शब्द आधीच कामात आहे.