तांब्याच्या भट्टीची धूळ, चुना मारलेली. भाताच्या रानात भरू का?

येळ्ळूर शिवार: आमचं रान रस्त्यापेक्षा खाली, पावसाळाभर पाणी तुंबतं. ओळखीचा एकजण भट्टीच्या फिल्टरची धूळ भरावाला फुकट देतो म्हणूलाय. त्यात आर्सेनिक होतं, पण चुन्यानं मारलंय म्हणे. त्यानं अहवालही दाखवला: निचऱ्यात लिटरला 2 मिलिग्रॅम, मर्यादा 5. घेऊ का?

माच्छे नाका: अहवालात पास आहे की ओ. घ्या.

खानापूरचा केमिस्ट: घेऊ नका. मी 26 वर्षं तांब्याच्या स्मेल्टरमध्ये सांडपाण्याच्या कामावर होतो.

ती 5 ची मर्यादा कचरा घातक धरायचा की नाही, एवढं ठरवायला आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. शिवाय ती चाचणी 18 तासांची, आणि ताजा चुना असला की नमुना सहज पास होतो.

आर्सेनिक मरत नसतं, बांधावं लागतं. चुन्यानं कॅल्शियम आर्सेनेट होतं. उघड्यावर हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यातला चुना ओढून घेतो, त्याची चुनखडी होते आणि आर्सेनिक पाण्याबरोबर सुटतं. पक्की बांधणी लोखंडाची. आधी हायड्रोजन पेरॉक्साइडनं तीन संयुजेचं आर्सेनिक (हे लोखंडाला नीट चिकटत नाही) पाचवर न्यायचं (इथं आळस केला की पुढचं सगळं वाया), मग फेरिक क्षार, म्हणजे लोखंडाचे क्षार, मोलच्या हिशेबानं (वजनानं नव्हे, अणूंच्या संख्येनं) आर्सेनिकच्या तिप्पट तरी लोखंड. द्राव दाट असेल तर आम्लातच 90 अंशांच्या आसपास तापवून स्कोरोडाइटचे, म्हणजे लोखंड-आर्सेनिकच्या खनिजाचे, स्फटिक पाडतात.

पण लोखंडानं बांधलेलंसुद्धा भाताच्या चिखलात टिकत नाही, माझा जीव त्यासाठी तुटतोय. पाणी तुंबलं की मातीतला ऑक्सिजन संपतो, लोखंड विरघळतं, धरलेलं आर्सेनिक सोडून देतं आणि भाताची मुळं ते शोषतात. कॅनडात यलोनाइफच्या जायंट या सोन्याच्या खाणीत अशी आर्सेनिकची 2,37,000 टन धूळ जमिनीखाली आहे. पाणी लागू नये म्हणून ती तिथंच गोठवून ठेवायचं काम चाललंय. आणि तुम्ही ती पाण्यात घालणार?

येळ्ळूर शिवार: काका, दोन ट्रॉल्या विहिरीजवळच्या बांधावर ओतून झाल्यात.

खानापूरचा केमिस्ट: आजच ताडपत्री घाला, कडेनं चर मारा. मिरगाचा पाऊस त्यावर पडता कामा नये. फावड्यानं पसरू नका, पोरं-जनावरं लांब ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या, धूळ देणाऱ्याला ती परत उचलायला लागेल. विहिरीचं पाणी तपासून घ्या. अहवाल येईपर्यंत प्यायचं दुसरीकडून आणा. उकळून भागत नाही, आर्सेनिक उकळून जात नाही.