तुळजापुरातल्या खोल्यांचा हिशोब तिथीने मांडा

दादा, वर्षभरात सरासरी ३५ टक्केच रात्री खोल्या भरतात, या तुमच्या हिशोबावरून 'तुळजापुरात खोल्या भाड्याने देण्यात राम नाही' असं ठरवू नका. आमच्याही घरी वरच्या मजल्यावर चार खोल्या आहेत.

इथली गर्दी इंग्रजी महिन्याने येत नाही, तिथीने येते. शारदीय नवरात्राची घटस्थापना २०२५ मध्ये २२ सप्टेंबरला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती ११ ऑक्टोबरला आहे. म्हणजे सप्टेंबरला सप्टेंबर लावून पाहिलं की धंदा बसल्यासारखा वाटणारच. वहीत तिथीचा रकाना घाला. पौषातलं शाकंभरी नवरात्र, दर पौर्णिमा, आणि एरवीचे मंगळवार, शुक्रवार, रविवार वेगळे काढा.

दुसरं, 'किती रात्री भरल्या' एवढंच मोजलं तर इथलं निम्मं काम दिसतच नाही. अश्विन पौर्णिमेला सोलापूरहून चालत आलेली माणसं पहाटे दारात उभी राहतात. पायाला फोड, चपला हातात. त्यांना रात्र नको असते. अंघोळीला गरम पाणी आणि तीन-चार तास पाठ टेकायला जागा हवी असते. तीच खोली त्या दिवशी दोनदा जाते. जीपभर कुटुंब आलं तर एकच मोठी खोली आणि जास्तीच्या गाद्या मागतात, म्हणून आम्ही दोन खोल्यांमधली भिंत काढली.

भाव मात्र पौर्णिमेला तिप्पट करू नका, दादा. ही माणसं दरवर्षी येतात, आणि घर लक्षात ठेवतात. आषाढ-श्रावणातल्या रिकाम्या दिवसांत रंगरंगोटी, गीझरची दुरुस्ती उरकून घ्या.