फोटो काढून झाल्यावर तुम्ही त्याचं काय करता? अनुभव सांगा

दर्यापूर तालुका

बाबा सकाळी गोठ्यात बैलांना कुटार टाकत होते. मागचं दार उघडं, त्यातून ऊन आत येत होतं. मोबाइलनं दारातला उजेड धरला आणि बाबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. मी स्नॅपसीड या फोटो एडिट करायच्या अॅपमध्ये शॅडोजचा स्लायडर (अंधारा भाग उजळवणारा) पार १०० वर नेला. चेहरा दिसायला लागला, पण त्यावर रव्यासारखे दाणे आले आणि मागची मातीची भिंत पत्र्यासारखी चमकायला लागली.

दुसऱ्या खेपेला शॅडोज ३० वर थांबवले. मग ‘सिलेक्टिव्ह’चा ठिपका फक्त चेहऱ्यावर ठेवून तेवढाच भाग उजळवला. आता बाबांच्या भुवईला चिकटलेला भुसासुद्धा दिसतो. दारातलं ऊन मात्र पांढरंफटक आहे ते आहेच. कॅमेऱ्यानं तिथे पांढऱ्याशिवाय काही नोंदवलंच नाही, तर स्लायडर तरी कुठून आणणार?

आमच्याकडे हे शिकवायला कोणी नाही, करून करूनच कळतं. म्हणून हा धागा. घरचे, वावरातले, बाजारातले रोजचे फोटो घ्या. काय केलं, काय बिघडलं, कुठे हात आवरला, सगळं लिहा.

वरुड

आमचा संत्र्याचा बगीचा आहे. मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या) तोड चालू असताना टोपली कमरेला लावून उभ्या असलेल्या आईचा फोटो काढला. लाइटरूम या एडिटिंग अॅपमध्ये नारंगी रंगाचा स्लायडर वाढवला, फळं झकास उठून दिसली आणि आईचे हात, गळा, कपाळ सगळं नवरीला हळद लागावी तसं झालं. माणसाची कातडी गोरी असो की सावळी, तिचा रंग नारंगीच्याच पट्ट्यात येतो, हे मला त्या दिवशी कळलं. आता मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फळं वेगळी करते आणि आईला आहे तशी ठेवते.

व्यापाऱ्याला पाठवायच्या फोटोतल्या रंगाला मात्र मी हात लावत नाही. आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या) फळावर बरेचदा हिरवट झाक राहते, ती राहू द्यायची. माणूस उद्या बगीच्यात येऊन फळ हातात घेणारच आहे.

लोणार

जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मी काठावरून फोटो काढले. घरी येऊन ‘ऑटो’ दाबलं आणि गुलाबी रंगच गेला, पाणी राखाडी झालं. सॉफ्टवेअरला तो गुलाबीपणा चूक वाटला, फोटोवर चढलेली झाक समजून त्यानं तो काढून टाकला. मग व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (जिथे टेकवू तो भाग बिनरंगी धरून बाकीचे रंग ठरवणारा) काठावरच्या काळ्या बेसॉल्टच्या दगडावर टेकवला. दगड राखाडी आला आणि पाणी डोळ्यांनी पाहिलं होतं तसं गुलाबी आलं.

नातेवाईक म्हणाले, रंग तूच भरला. फार वाईट वाटलं. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासून सांगितलं, की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे आला. तेव्हापासून मूळ फाइल पुसायची नाही हा माझा नेम आहे. एडिट नेहमी वेगळ्या प्रतीवर.

गोंदिया जिल्हा

धानाच्या बांधीत सारसांची जोडी होती आणि वरून विजेच्या तारा गेलेल्या. मी ‘हीलिंग’नं तारा पुसल्या, आकाश स्वच्छ केलं. गावातले एक काका वर्षानुवर्षं सारस मोजायला जातात. त्यांना दाखवला तर ते म्हणाले, “तारा परत आण. त्याच तारांना आपटून हे पक्षी मरतात.” मी तारांसकट फोटो पुन्हा केला आणि आता तोच सगळ्यांना दाखवतो.

वर्धा जिल्हा

माझा अनुभव लांब आहे, पण सांगतेच. आजी-आजोबांचा लग्नानंतरचा एकच फोटो घरात आहे, काळा-पांढरा, फ्रेममधला. पावसाळ्यांच्या दमटपणानं तो काचेला चिकटलेला. ओढून काढला असता तर चेहरेच काचेवर राहिले असते, म्हणून काचेतूनच फोटो घ्यायचं ठरवलं. ओसरीत सावलीला फ्रेम उभी केली. काचेत माझंच प्रतिबिंब पडत होतं. भावाला काळं घोंगडं धरून माझ्या मागे उभं केलं आणि काच एकदम निवळली.

बुरशीचे डाग पुसायला चार संध्याकाळी गेल्या. एकदा बोट जरा मोठं फिरलं आणि आजीच्या नथीचा मोती गालात मिसळून गेला. नंतर झूम करून, टाचणीच्या टोकाएवढा ब्रश घेऊन काम केलं.

मग एका अॅपनं रंग भरून पाहिले. आजीला दाखवलं. बराच वेळ बघून ती म्हणाली, “हे कोनाचं पातळ होय? माह्यं त डाळिंबी होतं.” अॅपनं ते हिरवं केलं होतं. काळ्या-पांढऱ्या फोटोत उजेड किती तेवढंच उरतं. लाल आणि हिरवा, दोन्ही एकाच करड्या छटेचे होऊ शकतात, म्हणून अॅप अंदाज बांधतं. आजीनं पेटीतून जुनी वाकळ काढायला लावली. त्या पातळाचा एक तुकडा तिच्यात शिवलेला होता! वरून विटून गुलाबीसर झालेला. आजीनं नखानं शिवण उसवली, तर दुमडीच्या आत, उन्हानं कधी न पाहिलेली बोटभर पट्टी निघाली, गडद डाळिंबी.

त्या पट्टीचा दिवसाउजेडी फोटो घेतला, त्यातून रंग उचलला आणि गिंप या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेगळ्या लेअरवर (थरावर), फक्त रंग बदलणाऱ्या ‘कलर’ मोडनं पातळावर भरला. घड्यांची सावली खालून तशीच दिसत राहते. आजोबांच्या फेट्याचा रंग आजीला आठवत नाही. तो करडाच ठेवला आहे.

गडचिरोली जिल्हा, शाळा

नवीन मोबाइलवर ओळखपत्रांसाठी मुलांचे फोटो काढले. त्यात ‘ब्यूटी’ आधीपासूनच चालू होतं, मला माहीत नव्हतं. सगळी लेकरं गोरी, गुळगुळीत निघाली. तिसरीतली एक मुलगी आपला फोटो हातात धरून म्हणाली, “सर, ही मी नाही.” तिच्या हनुवटीवरचा गोंदणाचा ठिपकाही पुसला गेला होता. दुसऱ्या दिवशी ते बंद करून सगळ्यांचे फोटो पुन्हा घेतले.

सावळ्या चेहऱ्याला उजेड द्यावा, रंग बदलू नये. मी मुलांना खिडकीकडे तोंड करून बसवतो. मग एडिटिंगला फारसं काही उरतच नाही.

वरुड

दर्यापूरच्या दादा, गडचिरोलीचे गुरुजी म्हणतात ते तुमच्या गोठ्यातही चालेल. बाबांसमोर, कॅमेऱ्यात येणार नाही असं, पांढरं धोतर ताणून धरायला सांगा कोणाला. दारातलं ऊन त्याच्यावरून चेहऱ्यावर उलटून येतं. मग एक्सपोजर (कॅमेरा आत घेतो तो उजेड) दाराच्या हिशोबानं कमी ठेवता येईल.

दर्यापूर तालुका

ताई, आज सकाळी केलं. आईनं धोतर धरलं, पण पांढरा बैल बुजला आणि दावं ताणून मागे सरला. एकच फोटो मिळाला. त्यात बाबा कुटार सोडून बैलाच्या मानेवर हात ठेवून आहेत, चेहरा स्पष्ट आहे आणि दाराबाहेरचं कडुलिंबाचं झाड पहिल्यांदा दिसतंय. शॅडोज १० वर ठेवले, बाकी काही केलं नाही.