ऑगस्टात आई-बाबांना घेऊन सेविया-कोर्दोबा: जावं की नाही?

वैदर्भी_आइंडहोवन
आमच्याकडे यावरून रोज वाद चालू आहे म्हणून तुम्हा सगळ्यांना विचारते. आई-बाबा नागपूरहून येतायत, तिकिटं झालीत, मुलांच्या शाळेच्या सुट्ट्या आणि आमच्या रजा जुळतात त्या फक्त ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, ग्रनाडाचा अल्हाम्ब्रा राजवाडा आणि कोर्दोब्याची मेझ्किता, म्हणजे तिथली जुनी मशीद, बघायची त्यांची फार जुनी इच्छा आहे. नवरा म्हणतो भर उन्हाळ्यात दक्षिण स्पेन म्हणजे वेडेपणा, नॉर्वेला चला. माझं मत, जावं. आमच्याकडे नागपूरला मे मध्ये 45 राहते, नवतपात म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत लग्नं लागतात, त्या माणसांना 36-37 चं काय कौतिक! नॉर्वे आम्ही दोघं कधीही करू, बाबांना परत कधी आणणार इकडे? ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.

माद्रिदचा_मराठा
ताई, स्पष्ट सांगतो, नका जाऊ. 36-37 ही सरासरी झाली. 14 ऑगस्ट 2021 ला कोर्दोबा प्रांतातल्या ला राम्ब्ला गावात 47.6 नोंदलं गेलंय, स्पेनचा रेकॉर्ड आहे तो, आणि उष्णतेची लाट आली की 42-43 तर काहीच नाही.
पण आकडा बाजूला ठेवा, घड्याळ बघा. इथलं घड्याळ सूर्याच्या खूप पुढे आहे. सेवियात उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो दुपारी अडीचच्या सुमारास आणि मावळतो साडेनऊच्या आसपास. आपण आपल्या सवयीने चार-पाचला 'चला, ऊन उतरलं' म्हणून बाहेर पडतो आणि नेमकं तेव्हाच दिवसातलं सगळ्यात जास्त तापमान असतं, पाच ते सातच्या मध्ये. अंधार पडला तरी भिंतीतून झळा येत राहतात.
आणि नवतपात तुम्ही दुपारी फिरता का हो? कूलर लावून, पन्हं पिऊन घरात पडता. ट्रिपला गेलं की माणूस पैसे वसूल करायला भर उन्हात हिंडतो, सगळा घोळ तिथे होतो.

इसारकाठची_सून
मी मात्र जा म्हणेन. आम्ही म्युनिकहून सासू-सासऱ्यांना ऑगस्टातच नेलं होतं आणि त्यांची ती सगळ्यात आवडती ट्रिप आहे. इथे शाळेच्या दिवसांत मुलांना नेता येत नाही, दंड बसतो, मग पर्याय काय उरतो?
दिवस उलटा करायचा एवढंच. मेझ्कितेत सोमवार ते शनिवार सकाळी 8.30 ते 9.30 मोफत प्रवेश असतो, ग्रुपवाल्यांना तेव्हा सोडत नाहीत. आत साडेआठशेच्या वर खांब, लाल-पांढऱ्या कमानी आणि गारवा, सासरे एका खांबाला पाठ टेकून नुसते वर बघत उभे होते, मी हलवलंच नाही त्यांना. अकराला हॉटेलवर परत, एसी, झोप. रात्री नऊनंतर बाहेर. तिथले लोकही तसंच करतात, दहा वाजता चौकात आज्या खुर्च्या टाकून बसलेल्या असतात आणि पोरं फुटबॉल खेळत असतात. सेवियात सिएर्पेस रस्त्यावर तर या गल्लीपासून त्या गल्लीपर्यंत वर कापड ताणलेलं असतं सावलीसाठी. हॉटेलंही स्वस्त पडतात, कारण ऑगस्ट तिकडे ऑफ सीझन आहे, बरीचशी दुकानं मात्र बंद मिळतील. कोर्दोब्याचं सालमोरेखो म्हणजे टोमॅटोचं गार दाट सूप नक्की प्या, शाकाहारी असाल तर अंडं आणि हॅम घालू नका म्हणून आधीच सांगा.

डॉक्टर_लेस्टर
दिवस उलटा करा हा सल्ला चांगला आहे पण पुरेसा नाही. 'नागपूरची माणसं आहेत, सवय आहे' यात मोठी गफलत आहे. उन्हाची सवय शरीराला आठवडा-दोन आठवड्यांत होते आणि ऊन गेलं की काही आठवड्यांत जाते. तुमचे आई-बाबा येणार पावसाळ्यातल्या नागपुरातून, मग राहणार नेदरलँडच्या 22-23 मध्ये, आणि तिथून थेट 40 मध्ये. मे महिन्यातली सवय तेव्हा अंगात राहिलेलीच नसते.
2022 च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने 61 हजारांवर माणसं गेल्याचा अंदाज आहे, इटलीत 18 हजार, स्पेनमध्ये 11 हजार, त्यात बहुतांश म्हातारी माणसं. ती तर तिथलीच होती, जन्मभर ते ऊन बघितलेली. शिवाय बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं. बाबांची गोळी त्यातली आहे का ते निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मनाने बंद मात्र करू नका.

वैदर्भी_आइंडहोवन
सवय निघून जाते हे नवऱ्याला वाचून दाखवलं नाही अजून 🙂 पण मुद्दा पटला. तरी बाबांचं काय? त्यांना नॉर्वेचे फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाड्या, दाखवून काय करू, तीस वर्षं वर्गात ज्याबद्दल बोलले ते त्यांना बघायचंय.

दर्यावर्दी
मग मुक्काम सेवियात कशाला, कादिझमध्ये करा ना! अटलांटिकवर आहे, ऑगस्टात 28-29 च्या आसपास असतं, फक्त लेव्हांते म्हणजे पूर्वेचा वारा सुटला की तिथेही तापतं. सेविया ट्रेनने दीड-पावणेदोन तासावर, सकाळी जाऊन दुपारच्या आत परत. ग्रनाडा जवळजवळ 700 मीटर उंचावर आहे, दुपार तापते पण रात्र गार होते. अल्हाम्ब्राच्या राजवाड्याचं रात्रीचं तिकीट मिळतं, तेच घ्या. तिकिटावर पासपोर्ट नंबर लागतो आणि ती लवकर संपतात, आजच बसा.

माद्रिदचा_मराठा
कादिझ आणि रात्रीचा अल्हाम्ब्रा, इथपर्यंत माझी हरकत नाही.

वैदर्भी_आइंडहोवन
हे जमेल असं वाटतंय. कादिझमध्ये एसी असलेलं घर शोधतेय, ग्रनाडात एक रात्र. कोर्दोब्याला रद्द करता येईल असं ट्रेनचं तिकीट काढते, हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर जाणार नाही.

माद्रिदचा_मराठा
कोर्दोबा काढूनच टाका असंच मी म्हणेन. तिकीट हातात असलं की अलर्ट यलो आहे, चालेल, असं होतं, आणि बाबांची इच्छा एवढी असेल तर 'मला त्रास होतोय' हे ते तुम्हाला सांगणारही नाहीत. पुढच्या वर्षी मे-सुट्टीला बोलवा त्यांना, नागपूरचा उन्हाळाही चुकेल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोर्दोब्यात लोक घरातले फुलांनी भरलेले चौक बघायला उघडे ठेवतात.

इसारकाठची_सून
पुढच्या वर्षीचं कोणी बघितलंय? बाबांनाच विचारा की, अलर्ट आणि गोळीचं सगळं सांगून.