बुलेट गरम झाली की बंद पडते: आधी कंडेन्सर बघा

तुमची बुलेट थंड असताना पहिल्या किकला चालू, कात्रजचा घाट चढता चढता बंद आणि अर्ध्या तासाने परत चालू, असं तुम्ही लिहिलंय, ते वाचून मला तरी कार्बोरेटरचा प्रॉब्लेम वाटत नाही, उगाच खोलत बसू नका. पॉइंटवाली (पॉइंट म्हणजे उघडझाप करून स्पार्क पाडणारे संपर्क) जुनी बुलेट आहे ना, मग आधी इग्निशन, म्हणजे स्पार्क देणारी यंत्रणा बघा. बंद पडली की तिथंच कडेला घेऊन प्लग काढा, वायरीला जोडलेला ठेवून इंजिनच्या हेडला टेकवा नि किक मारा (प्लगच्या भोकापासून लांब, पेट्रोलची वाफ पेटते), घरी येऊन बघण्यात अर्थ नाही कारण गार झाली की स्पार्क परत आलेला असतो. स्पार्क पिवळट, मरतुकडा आणि पॉइंटवर मात्र जोरात ठिणग्या उडतायत तर बहुतेक कंडेन्सरच (पॉइंटवरच्या ठिणग्या दाबणारा छोटा भाग) गेलाय. तो बदलूनही तेच झालं तर मग कॉइल (प्लगला जास्त व्होल्टेज देणारी), तिच्या आतली तार तापली की तुटते नि गार झाली की जुळते.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी, फीलर गेजनंच (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा, अंदाजानं अजिबात नको. पुण्यात नाना पेठेत कंडेन्सर मिळेल, दोन घ्या, नवे पण खराब निघतात हल्ली. कॉइल मात्र खात्री झाल्याशिवाय घेऊ नका.